पाणी वरच साचतं, खाली मुरत नाही: माती तपासायची कशी आणि कोणत्या क्रमाने

पाऊस थांबून दुसरा दिवस उजाडला तरी वाफ्यात डबकं तसंच असतं. किंवा याच्या उलट, पाणी घातलं की ते बाजूने वाहून जातं आणि बोटभर खाली माती कोरडीठाक. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी काहीतरी आधीच आणून ठेवलेलं असतं: वाळू, जिप्सम (कॅल्शियमयुक्त खनिज), नाहीतर माती सुधारण्याचं एखादं द्रावण. गेली बरीच वर्षं मी हा एकच दोष निरनिराळ्या बागांत आणि शेतांच्या कोपऱ्यांत दुरुस्त करत आलो आहे. माझं सांगणं एवढंच, की मातीत काहीही मिसळण्याआधी पाणी नेमकं कुठे अडतंय ते शोधा. तक्रार एकच असली तरी तिच्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर माती आणखी बिघडते.

लक्षणं

- पाणी दिल्यावर २४ तास उलटले तरी ते वरच उभं राहतं.
- वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. रुजलेलं बी त्याखालीच दबून मरतं.
- माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतं, खालची पानं पिवळी पडतात.
- रोप उपटलं तर मुळं सरळ खाली न जाता एका ठरावीक खोलीवर आडवी वळलेली दिसतात.
- खणल्यावर करडी किंवा निळसर माती, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके आणि सडक्या अंड्यांचा वास.
- सुकल्यावर जमिनीवर पांढरा, क्वचित काळपट थर.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढच्या तपासण्या क्रमाने करा. क्रम सोप्याकडून अवघडाकडे लावला आहे. पहिल्या चार तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

आधी पोकळीबद्दल

माती म्हटलं की आपल्याला कण आठवतात, पण पाण्याचा प्रश्न असतो तो कणांमधल्या पोकळीचा. चांगल्या वरच्या मातीत आकारमानाने साधारण ४५ टक्के खनिज कण, ५ टक्क्यांच्या आसपास सेंद्रिय पदार्थ आणि उरलेली जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते. त्या मोकळ्या जागेत निम्मं पाणी आणि निम्मी हवा असली की मुळं सुखात असतात. मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते. बारीक पोकळ्या मात्र पाणी धरून ठेवतात, तेच झाडाला पुढचे काही दिवस पुरतं. मोठ्या पोकळ्या बुजल्या की निचरा थांबतो.

निचरा थांबल्यावर झाड पाण्यामुळे मरत नाही, ते गुदमरून मरतं. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो. पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांचा श्वास बंद होतो आणि ती पाणी ओढेनाशी होतात. म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही तहानलेलं दिसतं. शिवाय हवा संपली की मातीतले काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात, आणि पिकाचं नत्र वायूच्या रूपाने उडून जातं. पानं पिवळी पडण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. अशा वेळी वरून खत टाकून फारसं काही साधत नाही.

पहिली तपासणी: बोट घालून बघा

वरची माती फसवी असते. ऊन-वाऱ्याने वरचा सेंटिमीटरभर थर पांढराफटक पडतो आणि खाली गारा असतो. बोट किंवा लाकडी काडी ५ ते १० सेंटिमीटर आत घाला. काडीला ओली माती चिकटून आली तर पाणी देणं थांबवा आणि दोन-तीन दिवस वाट बघा. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीतलं जास्तीचं पाणी तेवढ्या वेळात उतरून जातं. त्यानंतर परिस्थिती सुधारली तर दोष मातीत नव्हताच, पाणी जास्त होत होतं.

कुंडी असेल तर तळाचं छिद्र मुळांनी किंवा मातीने बुजलं आहे का, खालच्या ताटलीत पाणी साचून राहतं का, हे बघा. तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे भरले असतील तर काढून टाका. त्याने निचरा सुधारतो असं बरेच जण मनापासून मानतात, पण घडतं उलटं. बारीक पोकळ्यांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खड्यांत सहजी उतरत नाही. वरची माती जवळपास पूर्ण भिजल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. त्यामुळे कुंडीतला चिकचिकीत पट्टा खड्यांच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. मोठ्या झाडाच्या खड्ड्यात तळाशी खडी घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

दुसरी तपासणी: पाणी येतंय कुठून

छपराची पन्हळ वाफ्यावर उतरते आहे का, शेजारची फरशी किंवा रस्ता इकडे उताराला आहे का, नळजोडणी पाझरते आहे का, हे बघा. बरेच दिवस पाऊस नसताना आणि पाणी दिलेलं नसतानाही एकच जागा ओली राहत असेल तर बाहेरून पाणी येतंय, हे जवळजवळ नक्की. अशा ठिकाणी मातीवर कितीही मेहनत घेतली तरी वाया जाते. पाणी वळवा, गळती बंद करा, मग पुढे जा.

तिसरी तपासणी: कोरड्या मातीवर थेंब

कोरड्या मातीवर पाण्याचा एक थेंब अलगद सोडा आणि मनात अंक मोजा. ५ सेकंदांहून जास्त वेळ तो मण्यासारखा वर बसून राहिला तर माती पाणी झिडकारते आहे. कुजणाऱ्या पाल्यातले मेणचट पदार्थ आणि बुरशीचे धागे कणांवर बसले, आणि माती पूर्ण सुकली, की असं होतं. वाळूमिश्रित जमिनीत हे जास्त दिसतं, आणि एकदा खडखडीत वाळलेल्या कोकोपीटमध्येही. इलाज सोपा आहे. एकदम भरपूर पाणी न घालता थोडं थोडं, मध्ये वेळ देऊन घाला. कुंडी असेल तर ती पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पुढे माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका.

थेंब लगेच शोषला गेला, पण पाणी घातल्यावर वरचा थर लिबलिबीत होऊन नंतर पापुद्रा धरत असेल, तर कारण वेगळं. पावसाच्या थेंबाचा मार उघड्या मातीवर बसतो, मातीचे रवे, म्हणजे एकत्र चिकटलेल्या कणांचे छोटे पुंजके, फुटतात आणि सुटलेले बारीक कण वरची छिद्रं लिंपून टाकतात. पापुद्रा हलक्या हाताने मोडा आणि जमीन पाल्याच्या, गवताच्या आच्छादनाने झाका. माती भुगा होईपर्यंत चाळवू नका, कारण पुढच्या पावसात त्या भुग्याचाच पापुद्रा होतो.

चौथी तपासणी: ढेकूळ पाण्यात सोडा

बाकी काही करणार नसाल तरी ही तपासणी नक्की करा. इतक्या कमी खर्चात इतकं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

वाटाण्याएवढी तीन-चार ढेकळं वेगवेगळ्या जागांवरून आणि खोलींवरून घ्या. सावलीत पूर्ण वाळू द्या. काचेच्या पारदर्शक भांड्यात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या आणि ढेकूळ अलगद तळाशी ठेवा. ढवळू नका, हलवू नका. दहा मिनिटांनी बघा, दोन तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी इथे चालत नाही. त्यात विरघळलेले क्षार चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतात आणि खरा दोष झाकला जातो.

तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

ढेकूळ जसंच्या तसं राहिलं: रवे मजबूत आहेत. अडचण दुसरीकडे आहे, पुढच्या तपासणीकडे वळा.

ढेकूळ विस्कटलं, त्याचा ढीग झाला, पण भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं: कोरड्या ढेकळात पाणी शिरताना आतली हवा कोंडते आणि दाबाने रवे फोडून बाहेर पडते. त्या दाबाला पुरून उरेल इतका सेंद्रिय चिकटा मातीत नाही, एवढाच याचा अर्थ. यावर कुजलेलं खत, आच्छादन, जमिनीत सतत जिवंत मुळं आणि कमीत कमी खणणं हाच इलाज. जिप्समचा इथे उपयोग नाही.

ढेकळाभोवती दुधाळ धुकं पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच: हे सोडियमचं लक्षण आहे. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. दोन धनभारांचा कॅल्शियम त्यांना जवळ ओढून ठेवतो. सोडियमवर एकच धनभार असतो आणि त्याच्याभोवती पाण्याचं जाड वेष्टण असतं, त्यामुळे सोडियम वाढला की पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि खालच्या पोकळ्यांमध्ये जाऊन अडकतात. चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत पाणी मुरत नाही ते यामुळे. माती पाण्यात कशी वागते यावरून तिचे वर्ग पाडण्याची पद्धत एमर्सन या मृदाशास्त्रज्ञाने १९६७ साली मांडली. आपण करतो ती तिचीच घरगुती आवृत्ती.

धुकं दिसलं म्हणून लगेच जिप्सम टाकायला धावू नका. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो हे खरं, पण हटलेला सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जायला हवा. निचरा बंद असेल तर तो तिथेच राहतो. जिप्सम किती लागेल हेही प्रयोगशाळेच्या आकड्यावरून ठरतं.

पाचवी तपासणी: सळई

एक बारीक, टोकदार लोखंडी सळई घ्या आणि जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशा ओलीवर, असताना सरळ खाली, एकसारख्या जोराने दाबा. वाफसा ओळखायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुसभुशीत झाला तर वाफसा आहे, अंगठा रुतून माती चोपडी झाली तर अजून थांबा. ही अट महत्त्वाची आहे, कारण सुकलेली चिकणमाती सगळीकडेच दगडासारखी लागते आणि चिखलात सळई सगळीकडेच सहज जाते.

दहा-बारा ठिकाणी करा. सळई प्रत्येक वेळी जवळपास त्याच खोलीवर अडत असेल आणि त्यापुढे पुन्हा सैल लागत असेल, तर खाली दाबलेला थर आहे. नांगर, ट्रॅक्टर किंवा कुदळ वर्षानुवर्षं एकाच खोलीवर चालली की असा थर तयार होतो. अडथळा २ मेगापास्कलच्या (हे दाबाचं एकक) वर गेला की बहुतेक पिकांची मुळं पुढे घुसू शकत नाहीत आणि आडवी वळतात. नव्याने बांधकाम झालेल्या जागेत मात्र वरपासूनच सगळं घट्ट लागतं, कारण तिथे जड यंत्रं फिरलेली असतात.

थर हात-दीड हाताच्या आत असेल तर पहारीने किंवा दाताळ्या फावड्याने तो फोडा, पण माती उलटीपालटी करू नका. खालचा थर जरा कोरडाच असू द्या, म्हणजे त्याला तडे जातात. ओल्यात फोडायला गेलात तर अवजाराच्या कडेने माती लिंपली जाते आणि नवी भिंत तयार होते. फोडल्यावर लगेच खोल मुळांचं काहीतरी लावा, नाहीतर तडे पहिल्या पावसात मिटतात. आणि चालायच्या वाटा कायमच्या ठरवून टाका. माती दबते ती बरीचशी पहिल्याच फेरीत, त्यामुळे ‘एकदाच तर जायचंय’ हे ओल्या जमिनीत सर्वांत महागात पडतं.

सहावी तपासणी: बाटलीतली माती

सरळ बाजूंच्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर भांड्यांचा साबण घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, गाळाचे कण दोनेक तासांत, चिकणमाती दिवसभर किंवा जास्त वेळ घेते. प्रत्येक थराची जाडी मोजली की प्रमाण कळतं. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतात आणि वाळूचे २ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे फरक हजारपटीचा. बारीक कणांतल्या पोकळ्याही बारीक, म्हणून पाणी हळू जातं.

मी ही तपासणी सहाव्या क्रमांकावर ठेवली, कारण पोत, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमातीचं हे प्रमाण, कळला तरी तो बदलता येत नाही. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमातीच भरून काढते, आणि सुकल्यावर आधीपेक्षा कठीण गोळा तयार होतो. फरक पडायला आकारमानाने निम्म्याहून अधिक वाळू लागते, म्हणजे जवळजवळ नवी जमीनच. आणलेली वाळू परत करा.

पोत कळल्याचा फायदा अपेक्षा ठरवायला होतो. ओली झाल्यावर वाळूची जमीन तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी घेते, मध्यम पोयट्याची १० ते २० आणि चिकणमाती फक्त १ ते ५. चिकणमातीवर पाइपने धो-धो पाणी सोडलं तर ते साचणारच, त्यात दोष काही नाही. पाणी हळू द्या. फुगणारी काळी माती आणखी वेगळी वागते. भेगा पडलेल्या असतात तेव्हा ती पाणी घटाघटा पिते, आणि भेगा मिटल्या की जवळपास बंद होते.

सातवी तपासणी: खड्डा

खणण्याआधी खालून वीज, पाणी, गॅस किंवा सांडपाण्याची वाहिनी जात नाही ना, याची खात्री करा. मग ३० सेंटिमीटर रुंद आणि ५०-६० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि एका भिंतीचा वरवरचा थर सुरीने खरवडून नीट बघा.

रंग आधी वाचा. मातीतलं लोह हवा असेल तिथे तांबडं, पिवळं, तपकिरी दिसतं. हवा संपली की ते विरघळतं, वाहून जातं आणि माती करडी पडते. करड्या मातीत मुळांच्या वाटांनी जिथे अधूनमधून हवा पोचते तिथे तांबूस ठिपके राहतात. ते ज्या खोलीवर सुरू होतात, तिथपर्यंत पाणी नेहमी चढतं. तुम्ही कोरड्या दिवसांत खणत असलात तरी ही खूण पुसली जात नाही.

मग पाणी भरा. पहिलं पाणी मुरू द्या, कारण कोरड्या भिंती ते आधी पितात. पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजा. २.५ ते ७.५ सेंटिमीटर असेल तर बहुतेक झाडांना निचरा पुरेसा आहे. २.५ च्या खाली असेल तर उंच वाफे करा किंवा ओल सोसणारी झाडं निवडा. फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत झाल्या असतील तर मोजण्याआधी त्या ओरखडून घ्या, नाहीतर आकडा खोटा येतो.

प्रयोगशाळा

ढेकळाभोवती धुकं दिसलं, जमिनीवर पांढरा थर आला, किंवा वरचं सगळं ठीक असूनही वाढ होत नसेल तर माती तपासायला द्या. शेतात नागमोडी फिरत पुष्कळ ठिकाणांहून १५-२० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, त्यातली साधारण अर्धा किलो पाठवा. खताचा ढीग, बांध, मोठ्या झाडाखालची जागा टाळा. खराब आणि चांगल्या जागेचे नमुने वेगळे ठेवा, कारण दोन्हींची तुलनाच सर्वांत जास्त सांगते. सामू (पीएच), विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी), सेंद्रिय कर्ब आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांवर धरलेला सोडियम) एवढं मागा. वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन खारवट मानतात. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर असेल तर चोपण. मात्र वाहकतेची ही मर्यादा मातीच्या संपृक्त लगद्यातून, म्हणजे पाण्याने जेमतेम पूर्ण भरलेल्या मातीतून, काढलेल्या पाण्यासाठी आहे. प्रयोगशाळेने मातीत जास्त पाणी मिसळून मोजलं असेल तर आकडा कमी येतो. पद्धत विचारून घ्या.

इथे थांबा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका.

खड्ड्यात पाणी आपोआप भरू लागलं तर भूजल वर आहे. चर आणि निचरा नळ्या टाकण्यासाठी उतार, खोली आणि पाणी सोडायची जागा मोजून ठरवावी लागते. हे निचरा अभियंत्याचं काम आहे.

साचलेलं पाणी इमारतीच्या पायाजवळ असेल, भिंतींना ओल किंवा नव्या भेगा दिसत असतील, तर स्थापत्य अभियंत्याला बोलवा. पायाजवळची फुगणारी माती स्वतः खणू किंवा एकदम सुकवू नका.

उतारावर जमिनीला आडव्या भेगा, कललेली झाडं, पुढे झुकलेली संरक्षक भिंत दिसली तर तिथून माणसं हलवा आणि भूतांत्रिक तज्ज्ञाला कळवा. अशा उतारावर पाणी मुरवण्याचा कोणताही प्रयत्न धोक्याचा आहे.

पाण्याला मैल्याचा, तेलाचा किंवा रसायनाचा वास असेल तर हात घालू नका आणि त्या जागेतलं काही खाऊ नका.

अहवालात सोडियम जास्त आला तर जिप्समचं प्रमाण, पाण्याची प्रत आणि निचरा हे तिन्ही एकत्र ठरवायला मृदाशास्त्रज्ञ लागतो. सिंचनाचं पाणीच सोडियमयुक्त असेल तर तेही तपासून घ्या, नाहीतर सुधारलेली जमीन पुन्हा बिघडते.

आणि कमरेपेक्षा खोल खड्ड्यात उतरू नका. घनमीटरभर मातीचं वजन एक टनाहून जास्त असतं आणि ओली भिंत सूचना न देता कोसळते.

तज्ज्ञ येणार असेल तर तपासणीचा खड्डा बुजवू नका. त्यावर मजबूत फळी टाकून कडेने अडथळा लावा. सळई कुठे किती खोलीवर अडली, ढेकळांचं काय झालं, पातळी तासाला किती उतरली आणि शेवटचा पाऊस कधी झाला, हे कागदावर लिहून ठेवा. त्यावरून पुढची तपासणी कुठून सुरू करायची ते त्यांना लगेच ठरवता येतं.